डाव्या हाताची नोकरी

याडीजवळ आता एकच शब्द उरला आहे: गाडी. पाणी हवं असलं तरी गाडी, पाठीला खाज सुटली तरी गाडी, भात आवडला नाही की ताट सरकवून पुन्हा तेच. याडी म्हणजे आई. आमच्या बंजारा तांड्यात घरात गोरमाटी बोलतात आणि घराबाहेर वऱ्हाडी, त्यामुळे इथे घरातलं बोलणंही मी वऱ्हाडीतच लिहितो आहे. तसाही गाडी हा शब्द दोन्हीकडे एकच.

तिला लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात राहिला. दिवसभर ती तो एक शब्द कामापुरता वापरते आणि आम्हीही आता त्याच्या चढउतारावरून पाणी कोणतं नि पांघरूण कोणतं ते ओळखतो. पण दुपारी मी पियानोशी बसलो की तिचं वेगळंच सुरू होतं. बाज जवळच आहे. ती डावा हात लांब करून माझं मनगट पकडते आणि जीव तोडून म्हणते, "गाडी. गाडी, गाडी." डोळे भरतात, ओठ थरथरतात, पुढचं काही निघत नाही. मग ती मनगट झिडकारते आणि भिंतीकडे तोंड करते. तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते मलाच सांगायचं होतं, इतकं मला कळत होतं. ते काय, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. बाकी कामधंदा मला नव्हताच.

मी पियानोवाला. मानोऱ्याच्या बाजारात हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे कॅसिओ. मी नाही म्हणतो. ते म्हणतात, मग पेटी. आधी मी चिडून समजावत बसायचो, आता सरळ हो म्हणतो. वरातीत ट्रकवर बसून वाजवणाऱ्यांत माझी गणती झाली तर होऊ दे, ते लोक माझ्यापेक्षा जास्त वाजवतात.

सुरुवात पेटीपासूनच झाली हे खरं आहे. तांड्यातल्या भजनाची पेटी माझा बाप वाजवायचा. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर आणि डावा हात मागे भात्यावर. मला त्यानं आधी भाताच शिकवला. "सूर मंग शिक. पैले हवा भरवाले शिक," म्हणायचा. त्यामुळे माझा डावा हात लहानपणापासून मजूर. त्यानं फक्त हवा भरायची, गाणं उजव्यानं करायचं. बाप ऊसतोडीला गेला असताना साप चावून मेला. पेटी तांड्याच्या नायकाच्या घरी परत गेली, आणि याडी दुसऱ्या वर्षीपासून दिराच्या कोयत्यासोबत, म्हणजे दीर-जावेच्या जोडीसोबत, ऊस तोडायला जाऊ लागली. दसरा झाला की ट्रक यायचा, अर्धा तांडा त्यात चढायचा आणि ऊन तापू लागल्यावर परत यायचा. धाकटा भाऊ अंगावरचा होता, तो तिच्यासोबत गेला. मला वाशीमच्या एका वसतिगृहात टाकलं.

वसतिगृह एका जुन्या बंगल्यात होतं. बंगला कुण्या साहेबाचा होता म्हणे. साहेब गेला आणि त्याचा पियानो मागे राहिला, कारण तो दारातून बाहेर निघेना. वसतिगृह चालवणाऱ्या बाई नागपूरकडच्या, एकट्या, सुती साडी, चष्म्याला दोरी. त्यांना पियानो येत होता आणि तो कुणालातरी शिकवल्याशिवाय त्यांच्या जिवाला थारा नव्हता. बाकीची पोरं दोन दिवसांत पळाली. मी राहिलो, कारण मला सूर कळत होते आणि माझ्याशी खेळायलाही कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पियानोच्या मागे जाऊन भाता शोधला. बाई बघत राहिल्या. नाही सापडला तेव्हा मी उजव्या हातानं एक पट्टी दाबली आणि सूर निघाल्यावर दचकलो. हवा कोण भरतं ते मला कळेना. वाजवायला बसलो की माझा डावा हात आपोआप हवेत पुढेमागे व्हायचा. बाई तो धरून पट्ट्यांवर ठेवायच्या, तो पुन्हा हलायचा. "हा हात नोकर नाही," त्या म्हणाल्या, "याला पण गाता येतं." ते ऐकून मला हसू आलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्या हाताला गाणं शिकवण्यात गेली. बाईंच्या कपाटात जर्मन बुजुर्ग संगीतकारांचे तुकडे होते, पिवळ्या पडलेल्या कागदांवर. त्यात डावा हात उजव्याला उत्तर देतो, त्याच्याशी भांडतो, कधी त्याच्यापुढे निघून जातो. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकायच्या, त्या आम्ही चाकूनं सैल करायचो. उन्हाळ्यात लाकूड वाळून सूर उतरायचे. मी जे शिकलो ते सगळं अर्धा सूर खाली शिकलो, हे मला पुण्याला गेल्यावर कळलं.

आता रडण्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आमच्या बायका पुष्कळ दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडत नाहीत, सुरात रडतात आणि त्या सुरात बोलतात. कोण मेलं, कुणाला पोरगं झालं, बैल विकावा लागला, तू लग्नाला आली नाहीस म्हणून तुझा राग आहे, असं सगळं त्या चालीवर येतं. एकीचं संपलं की दुसरी सुरू करते. सगळं सांगून झालं की नळ बंद केल्यासारखं रडणं थांबतं, पदरानं डोळे पुसले जातात आणि चहाचं आधण ठेवतात. बाहेरच्या माणसाला वाटतं घरात मयत झालं. नवरीला तर लग्नाआधी म्हाताऱ्या बायका बसवून शिकवतात, कसं रडायचं ते. दूर राहिलेलं लेकरू भेटलं तरी आई असंच रडते. त्याला कवटाळून, त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवून.

याडीचं रडणं तांड्यात नावाजलेलं होतं. तिचा सूर उतरताना सरळ पायऱ्यांनी उतरायचा नाही, घरंगळायचा. मधेच एका जागी तो अडून थरथरायचा. मी बापाच्या पेटीवर ती जागा शोधायचो. ती सापडायची नाही. एक पट्टी दाबली तर खाली, शेजारची दाबली तर वर.

पहिल्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रक वसतिगृहासमोरच्या रस्त्यावर थांबला. याडी उतरून गेटात आली आणि मला पोटाशी धरून तिनं सूर लावला. मला ते काहीच वेगळं नव्हतं. मला बरं वाटत होतं. पण सगळी पोरं व्हरांड्यात जमली, एक बारकं पोरगं घाबरून भोकाड पसरून रडायला लागलं, आणि बाई चप्पल न घालता धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणी गेलं. काय ते कळल्यावर त्यांनी हात जोडले. रागावल्या नव्हत्या, हे मला नीट आठवतं. म्हणाल्या, "हे रडणं इथं नको. मुलं घाबरतात, आणि हा मग दोन-दोन दिवस कशाला हात लावायचा नाही. भेटायला जरूर या. पण रडणार असाल तर मी त्याला गेटापर्यंत पाठवणार नाही."

याडीनं ट्रककडे पाहिलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती म्हणाली, "नाई रडत, बाई."

आणि खरंच, त्यानंतर ती माझ्यासमोर कधी रडली नाही. ट्रक जाताना थांबायचा आणि येताना थांबायचा. ती गेटाच्या पलीकडे उभी राहायची, तोंडावर हात घट्ट दाबून. दुसऱ्या हातानं माझं डोकं चाचपायची. मी काय सांगेन ते मान हलवत ऐकायची आणि हॉर्न वाजला की वळायची. ट्रकच्या फाळक्यावर चढेपर्यंत तिचा हात तोंडावरून निघत नसे. मी आत जाऊन पियानोशी बसायचो आणि बाई म्हणायच्या, आज छान वाजवतोयस. पुढे घरी गेलो तरी तसंच. मावशी आली की दोघी गळ्यात पडून घर डोक्यावर घ्यायच्या. मी आलो की याडी डोक्यावर हात ठेवून विचारायची, "जेवला का?" मोठा झाल्यावर एकदा मी म्हणालो, आता तर रड, आता कोण अडवतंय. ती म्हणाली, "तुह्यापुढं येतच नाई आता. गया दाबल्यावानी होते."

बाईंवर माझा राग आहे. त्या गेल्या तेव्हाही होता आणि आजही आहे. त्यांनी मला दोन हात दिले आणि त्याच दोन हातांवर मी आयुष्यभर जेवलो, हे मला मान्य आहे, म्हणून राग कमी होत नाही.

पुढची वर्षं भराभर सांगतो, त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. परीक्षा दिल्या. बाईंनी ओळखीनं पुण्याला एका मास्तरांकडे पाठवलं. त्यांनी माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाले, स्वच्छ आहे, पण तुझं वय निघून गेलंय. मैफलीत वाजवणारी पोरं सातव्या-आठव्या वर्षी जिथं पोचतात तिथं मी मिशी फुटल्यावर पोचलो होतो. तरी मी शिकलो, हट्टानं. शाळांच्या स्नेहसंमेलनात वाजवलं, चर्चमधल्या लग्नांत वाजवलं, एका नाचाच्या क्लासात मुली पाय उचलायच्या त्या तालावर वाजवलं. मग नागपूरच्या एका हॉटेलात, लिफ्ट आणि मिठाईच्या काउंटरच्या मधल्या जागेत, संध्याकाळचा पियानोवाला झालो. तिथे जर्मन बुजुर्ग कुणाला नको होते. हळू आवाजात जुनी सिनेमाची गाणी हवी होती, आणि ऐकणारे माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलायचे.

तिथे शनिवारी एक अंकल यायचे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पायजमा-कोटातले, पानानं दात लाल. तरुणपणी रेल्वेच्या क्लबात नाचाच्या रात्री पियानो वाजवायचे. मॅनेजर नसला की मला ढकलून बाकावर बसायचे. त्यांनी पहिल्यांदा बुगी-वुगी, पियानोवरची ती अमेरिकन नाचाची धून, वाजवली तेव्हा मिठाईच्या काउंटरवरचा माणूस डबा बांधता बांधता थांबला. डावा हात एकच चाल धरतो आणि सोडत नाही. गडगड, गडगड, एकसारखी, गाणं संपेपर्यंत तीच. उजवा हात वर मोकाट सुटतो. "बेटा, तेरा लेफ्ट हँड बहुत पढ़ा-लिखा है," अंकल म्हणाले. "उसको नौकरी पे लगा. राइट को छुट्टी दे."

मला हसू आवरेना. बाईंनी ज्या हाताचा मजूरपणा काढायला जिवाचं रान केलं, त्याला अंकल पुन्हा कामावर लावत होते. आणि तो हात खुशीत गेला. बापाचा भाता त्याच्या अंगात होताच. हवा भरायची, थांबायचं नाही, वरचा काय गातो त्याकडे बघायचं नाही. इतर लोक महिनोन् महिने घासतात ते मला आठवड्यात आलं.

पण मी बुगी-वुगीत अडकलो तो दुसऱ्याच गोष्टीनं. अंकल उजव्या हातानं एका जागी दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबायचे, एकीवरून दुसरीवर बोट घसरवत. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार, दोन्ही. मी असं वाजवलं असतं तर बाईंनी बोटावर फूटपट्टी मारली असती. मी म्हणालो, अंकल, हे बेसूर आहे. ते म्हणाले, "दोनों के बीच में एक तीसरा रहता है. वो पियानो में है ही नहीं. उसको ऐसे चिढ़ा के बुलाना पड़ता है." आणि त्यांनी पुन्हा बोट घसरवलं, आणि मला ती जागा ऐकू आली. याडीची जागा, जिथं तिचा सूर अडून थरथरायचा. मी लहानपणापासून जी पट्टी शोधत होतो ती पट्टी नव्हतीच. ती दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होती, आणि समुद्रापलीकडच्या कुण्या काळ्या माणसांनी तिथवर जायची वाट काढून ठेवली होती, त्यांच्या रडण्यासाठी. मी लॉबीत सगळ्यांसमोर डोळे पुसले. अंकलना वाटलं, मला सर्दी झालीय.

त्यानंतर मी रचना करायला लागलो. पोटासाठी पुसदच्या एका स्टुडिओत गाण्यांना चाली लावल्या, डीजेवर वाजतात तशा. त्यातली एक पोहरादेवीला रामनवमीच्या गर्दीत मी स्वतः दहा दुकानांतून ऐकली आहे आणि कुठेही माझं नाव नव्हतं ते बरंच झालं. आणि स्वतःसाठी एक लांब तुकडा लिहिला, याडीच्या रडण्याचा. डावा हात बुगी-वुगीचा, पण अगदी संथ. उजवा हात त्या फटीत घसरणारा. पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये तो वाजवला. नंतर एक सद्गृहस्थ भेटून म्हणाले, फार शांत वाटलं, ध्यानासाठी छान आहे. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

तो तुकडा मी याडीलाही ऐकवला होता, लकव्याच्या आधी, मोबाइलवर. तिनं फोन कानाशी धरला, सगळा ऐकला आणि विचारलं, "कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं, याडी."

"मंग थे पेटी कायले रडून राह्यली?" ती म्हणाली आणि तूर पाखडायला उठून गेली. माझ्या आयुष्यात माझ्या संगीतावर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

लॉकडाउनमध्ये हॉटेलनं पियानोवर कापड टाकलं ते नंतर काढलंच नाही. अंकल त्याच काळात गेले. तेवढ्यात भावाचा फोन आला, याडी पडली म्हणून. मी माझा विजेवर चालणारा पियानो, खऱ्यासारख्या जड पट्ट्यांचा, रजईत गुंडाळून तांड्यात आणला आणि याडीच्या बाजेशेजारी मांडला. भावाचं घर सिमेंटचं, दोन खोल्यांचं. भाऊ आता ऊसतोडीला जात नाही, मानोऱ्यात मिस्त्रीच्या हाताखाली जातो. याडीचं सगळं त्याची बायकोच करते, अंघोळीपासून. ती तोंडानं फटकळ आहे आणि हातानं मऊ.

गाडी म्हणजे काय, यावर घरात बरीच चर्चा झाली. या घरात गाडी म्हटलं की एकच आठवते, ऊसतोडीचा ट्रक. भावाला वाटलं, तिला कुठंतरी जायचं आहे. त्यानं शेजाऱ्याची जीप मागितली आणि आम्ही तिला उचलून पोहरादेवीला नेलं. जत्रेची गर्दी होती. तिला खुर्चीवर बसवून देवापर्यंत नेलं. तिनं देव पाहिला, गर्दी पाहिली, जीपकडे पाहिलं, आणि वैतागून म्हणाली, "गाडी." जीप तिला नको होती, हे पोरासोरांनाही कळलं.

"तुमी वाजवता तवाच त्या धडपड करतात," भावजय मला म्हणाली. "तरास होत असंन त्याईले आवाजाचा. नका वाजवू ना भाऊजी."

मी चार दिवस वाजवलं नाही. पाचव्या दिवशी याडीनं डाव्या हातानं पियानोवरची चादर ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणून मी पुन्हा बसलो, आणि तिनं पुन्हा मनगट धरलं.

अकोल्याला एक तरुण डॉक्टरीणबाई लकव्याच्या माणसांना बोलायला शिकवते. तिनं याडीला तपासून मला समजावलं. बोलण्याचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा कधी कधी उघडा राहतो. ज्यांना नाव सांगता येत नाही ते अख्खी आरती म्हणतात. डाव्या हातानं ठेका द्यायला लावा आणि त्यांचं ओळखीचं गाणं धरा. मी घरी येऊन भजनं वाजवली, लग्नातली गाणी वाजवली, होळीची वाजवली. तिचा डावा हात माझ्या हाताखाली धरून बाजेच्या लाकडावर ठेका दिला. ती गुणगुणायची, सुरात अगदी, पण शब्द येईना. तिनं आयुष्यात सगळ्यात जास्त काय गायलं, याचा मी विचार करत बसलो. उत्तर समोरच होतं. मी भावजयीला विचारलं, हिला रडवायचं कसं?

ती म्हणाली, "रडवाले कायले पियानो लागते भाऊजी? आयुष्यानं थेच केलं त्याईचं." मग म्हणाली, "मावशी असती तर तिच्या गयात पडून रडली असती. थे गेली मांगल्या साली. तुमीच वाजवा ना थे रडाची पेटी."

ती दुपार कडक उन्हाची होती. भावजय दारात बसून तूर निवडत होती. मी डाव्या हाताला कामावर लावलं, अंकलची चाल, पण इतकी हळू की ती चाल राहिली नाही, नुसतं श्वासासारखं खालीवर झालं. बापाचा भाता जसा चालायचा तसं. उजव्या हातानं मी त्या जागेभोवती फिरत राहिलो आणि मग बोट घसरवलं. याडीचा हात मनगटावर आला. मी थांबलो नाही. ती म्हणाली, "गाडी." मी पुन्हा घसरवलं. तिनं मान वर केली, तोंड उघडलं आणि सूर लावला. म्हातारा, फाटका, पण तोच. उतरताना घरंगळणारा. आणि त्या सुरावर शब्द आले.

"गाडी उभी हाय वं बाई, रस्त्यावर गाडी उभी हाय..."

भावजयीच्या हातातलं सूप खाली पडलं. मी डावा हात चालू ठेवला. तो थांबला तर हिचं थांबेल या भीतीनं माझ्या पाठीला घाम फुटला होता. याडी माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती माझ्या बोटांकडे, पट्ट्यांकडे पाहत होती.

"डायवर हारन वाजोते वं बाई... माह्या लेकराले बाहीर धाडा... एकडाव तोंड पाहू द्या, बाई..."

मी डोळ्यांवरून चष्मा काढला. त्याला दोरी आहे, लोंबून छातीवर आला. तिनं दोरीकडे पाहिलं आणि माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

"मी रडत नाई वं बाई... पाहा, मी रडत नाई... लेकराले गेटापर्यंत येऊ द्या..."

गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती सुरात सांगत होती, मी रडत नाही. वर्षभर ती माझं मनगट धरून हेच मागत होती. पियानोशी जो बसेल तो गेटाचा मालक, एवढंच तिच्या डोक्यात शिल्लक राहिलं होतं. तिचं लेकरू आत होतं, बाहेर ट्रक होता, आणि मी मध्ये बसून वाजवत होतो.

मी म्हणालो, "याडी, मीच हाव ना. पाह्य, मीच हाव." तिनं ऐकलं नाही. ती बाईंच्या हुकमाची वाट पाहत होती. मग मी बाईच झालो. हात न थांबवता, बाईंच्या पुस्तकी मराठीत, जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणालो, "रडा, आई. खुशाल रडा. गेट उघडं आहे. मुलगा येतोय बाहेर. रडलं तरी चालतं इथं."

ती गायची थांबली. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाई असं कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे तिला ती परीक्षा वाटली असावी. रडली की लेकरू मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं माझं मनगट सोडलं, पदरानं घाईघाईनं डोळे कोरडे केले, आणि तो एकुलता एक चालता हात उचलून तोंडावर घट्ट दाबला. ताठ बसली. मी वाजवत राहिलो, खूप वेळ, तिची जागा पुन्हा पुन्हा घेत, विनवण्या करत. तिच्या घशात सूर हलताना दिसत होता. हात निघाला नाही.

"बोलल्या ना त्या!" भावजय रडत रडत म्हणाली. "भाऊजी, बोलल्या! थे बाई कोण जी?"

मी म्हणालो, मला पियानो शिकवणारी.

त्यानंतर मी पुष्कळ प्रयत्न केले. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एकदा आलं म्हणजे पुन्हा येईल, धीर सोडू नका. मी दोरी काढून टाकली, चष्मा काढून बसून पाहिलं, पाठ करून बसून पाहिलं. मी पियानोवरची चादर काढतो, ती डावा हात तोंडावर ठेवते आणि माझं वाजवून होईपर्यंत गुणी बाईसारखी बसून राहते. चादर पुन्हा टाकली की हात खाली येतो आणि ती म्हणते, गाडी.